शेवटची ओळ

"शेवटची ओळ घे," मी म्हणालो, आणि मुलीने घेतली. र, ट, ग, म, ख, प, ल. कुठे थांबली नाही, कुठे अडखळली नाही. मी फॉर्मवर लिहीत होतो. सहा लिहून झालं होतं, छेदाची रेघ मारून झाली होती, सहाला सहा म्हणजे निर्दोष नजर, त्यातला रेघेखालचा सहा तेवढा राहिला होता, आणि सहज, अगदी सहज, मी मान वर केली. भिंतीवर नवा तक्ता होता. गुरुवारी दुपारी मीच लावलेला. जुन्याला शिडीचा कोपरा लागून तो मधोमध फाटला, म्हणून भिंगांच्या व्यापाऱ्याने पाठवलेला नवा मी त्याच चौकटीत, त्याच दिव्याखाली बसवला होता. त्याची शेवटची ओळ न, ड, क, स, घ, य, ब अशी होती. मुलीने वाचली ती ओळ त्या भिंतीवर कुठेच नव्हती. ती मागच्या खोलीत कपाटावर गुंडाळी होऊन पडली होती. मी म्हणालो, "छान." मग म्हणालो, "शिक्क्याची शाई वाळलीय, फॉर्म राहू दे इथे." तिने डोळ्यावरची झाकणी काउंटरवर ठेवली, दप्तर खांद्याला लावलं आणि "बुधवारपर्यंत द्यायचाय हं, बाबा," असं म्हणून ती दुकानाच्या दोन पायऱ्या उतरून गेली. पायऱ्या ती नीट उतरली. मी मोजल्या. दोनच आहेत, तरी मोजल्या.

मी चष्मे करतो. सव्वीस वर्षं करतोय. दुकान बोळासारखं आहे, रुंदीला आठ फूट आणि लांबीला बावीस. डोळे तपासायला मधे वीस फूट लागतात म्हणून मुद्दाम असलं घेतलं, नाहीतर असली जागा कुणी फुकट दिली तरी घेऊ नये. मुलगी इथेच वाढली. तिची आई प्रसूतिगृहात परिचारिका, तिच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे पोरीला माझ्या काउंटरखाली बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अक्षरं ती शिकली ती त्या जुन्या तक्त्यावरून. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, एक डोळा झाकून वाचायला लागायचं, आणि काउंटरखालून हिचा आवाज त्याच्या आधी यायचा. गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो. बालवर्गातल्या बाईंनी एकदा मला बोलावून घेतलं: सगळी मुलं क, ख, ग म्हणतात, तुमची र, ट, ग म्हणते, घरी हिला शिकवतं तरी कोण? ही गोष्ट मी निदान शंभर जणांना सांगितली असेल. दर वाढदिवसाला तिला खुर्चीत बसवून तपासायचं हीसुद्धा आमच्याकडची रीतच झाली होती. शेवटची ओळ घे, म्हणायचं. तिने ती घडाघडा म्हणायची. मग मी बायकोला सांगायचं, चष्मेवाल्याची पोर आहे, पण बापाला एका काचेचं काम देणार नाही. बारा वर्षं ती म्हणत होती आणि मी ऐकत होतो. बघत दोघांपैकी कुणीच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण तो आपल्याच दुकानात, आपणच लावलेल्या दिव्याखाली असेल असं कुणाच्या मनात येतं?

फॉर्म चार पानी होता. हायस्कुलाचं दुसरं वर्ष, पोर पंधरा वर्षांची, आणि शाळेला आत्ताच कळायला हवं होतं की ती कुठल्या कॉलेजात जाणार. त्यासाठी शाळेने एक मार्गदर्शक बाई नेमल्या आहेत. त्यांनी आम्हा आईबापांना लहान मुलांच्या बाकांवर बसवून सांगितलं होतं की शेवटच्या वर्षी जाग्या होणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. पुढच्या वर्षी कुठले विषय, त्याच्या पुढच्या वर्षी कुठले, सुट्टीत काय करणार, शिफारस कुणाची, पहिली निवड, दुसरी निवड, तिसरी निवड; रकानेच रकाने. त्या वयात मी उद्याच्या डब्यात काय असेल याच्या पलीकडचा विचार केला नव्हता. मुलीने पहिल्या निवडीत जहाजाचं कॉलेज लिहिलं. दुसऱ्या निवडीत तेच. तिसऱ्यातही तेच होतं, पण बाईंनी खोडायला लावलं तेव्हा तिथे नुसती रेघ मारली. मी तिला कॅप्टन म्हणतो ते उगाच नाही. दहा वर्षांची असताना शाळेच्या सहलीत बंदर बघून आली, आणि तेव्हापासून कोन, दिशा, अंतरं याखेरीज दुसरं बोलणं नाही. "समुद्रावर रस्ते नसतात, बाबा. मोजत मोजत जायचं असतं," हे ती मला जेवताना समजावते. बायकोने कपाटाच्या दारावर तीन वर्षांचा कागद चिकटवलाय, महिन्यामहिन्याची चौकट आखून, आणि अगदी शेवटच्या चौकटीत पोरीने निळ्या पेनने एक होडी काढलीय. त्या कॉलेजची एक अट आहे, माहितीपत्रकात ठळक छापलेली: दृष्टी चष्म्याविना निर्दोष हवी. आमच्या घरात त्या अटीकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नव्हतं. गणित झेपेल का, पोहता येईल का, आई एवढ्या लांब सोडेल का, सगळ्यावर वाद झाले. डोळ्यांवर कसला वाद घालायचा? शाळेच्या फॉर्मात तो रकाना प्रमाणित चष्मेवाल्याने भरायचा होता, आणि प्रमाणित चष्मेवाला घरचाच होता.

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं, लागला असेल नंबर. चष्मेवाल्याने नंबराला घाबरणं म्हणजे न्हाव्याने केसांना घाबरण्यासारखं आहे. त्या शनिवारी दुपारी, ती पायऱ्या उतरून गेल्यावर, मलाही स्वतःला एवढंच सांगायचं होतं, पण सांगता येईना, कारण मला ताई दिसायला लागली. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला पंधराव्या वर्षी दिसेनासं झालं. आधी फळ्यावरची अक्षरं गेली, मग पुस्तकातली, मग समोरच्याचं तोंड. कडेचं दिसायचं आणि मधलंच जायचं. चष्मे झाले, एकामागून एक चार झाले, आणि प्रत्येक चष्मा लावून ती चष्मेवाल्याचं मन राखायला म्हणायची, "हो, थोडं बरं वाटतंय." शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून सांगितलं की दोष काचेने जाणारा नाही, आतला पडदाच झिजतोय, आणि हे घराण्यात असतं. मी तेव्हा आईचं बोट धरून उभा होतो. मला वाटलं, घराण्यात म्हणजे आमच्या घरातल्याच कुठल्यातरी खोलीत. कित्येक दिवस मी एकटा मागच्या खोलीत गेलो नाही. पुढे धंदा शिकलो, लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती माझ्या बोटाबरोबर डोळे फिरवायला लागेपर्यंत मला अन्न गोड लागलं नव्हतं. तिने डोळे फिरवले. मग मी ती भीती कुठेतरी ठेवून दिली, आणि एखादी वस्तू फार जपून ठेवली की ती कुठे ठेवली तेच आठवत नाही, तसं माझं झालं.

लाजेची गोष्ट पुढेच आहे. खात्री करून घ्यायला अर्धं मिनिट पुरतं. माझ्या भिंगांच्या पेटीत, सगळ्या काचांच्या शेवटी, पत्र्याची एक काळी चकती असते, मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक असलेली. ज्याला नीट दिसत नाही त्याच्या डोळ्यापुढे ती धरायची. भोकातून अक्षरं स्पष्ट झाली तर दोष काचेने जाणारा. चष्मा करा आणि घरी जा. भोकातूनही धूसरच राहिली तर दोष बहुतेक आत, आणि तिथे आमचं काम संपतं. ताईच्या डोळ्यापुढे ती चकती चौथ्या चष्मेवाल्याने धरली होती. नंतर तो ती फडक्याने पुसायला लागला आणि बराच वेळ पुसतच राहिला. शनिवारी संध्याकाळी मी माझ्या पेटीतली चकती काढली, काउंटरवर ठेवली आणि परत पेटीत घातली. रविवारी दुकान बंद असतं, तरी किल्ली घेऊन आलो, पेटी उघडली, लावली, घरी गेलो. चकती धरली नाही तोवर काहीच घडलेलं नव्हतं. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की डोळ्यांच्या बाबतीत चालढकल करू नका. दारावर तशी पाटीसुद्धा आहे, माझ्याच अक्षरातली.

घरी मी तिच्यावर नजर ठेवून होतो. रविवारी सकाळी तिने चहा ओतला तेव्हा कपाच्या काठावर बोट अडकवलं, चहा बोटाला लागला तसा हात थांबवला. ताई अशीच ओतते. मग आठवलं की पोर हे ताईकडूनच शिकली, सुट्टीत तिच्याकडे राहून, पाच वर्षांची असल्यापासून असाच ओतते. मग वाटलं, पण शिकली कशाला? वर्गात ती पहिल्या बाकावर बसते; आम्ही म्हणायचो, अभ्यासू आहे. पुस्तकात नाक खुपसून वाचते. आम्ही म्हणायचो, केवढी तंद्री लागते हिची. रस्त्यात ओळखीचं माणूस समोरून आलं तरी हाक मारत नाही; बायको म्हणायची, वयच तसलं आहे. तिच्या प्रत्येक वागण्याला एक साधं कारण होतं आणि एक माझं कारण होतं, आणि दोन्ही सगळीकडे चपखल बसत होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण हा राक्षस माझ्या पाठीमागे नव्हता, माझ्यासमोर बसून पोळीचा घास मोडत होता, आणि "बाबा, तुम्ही जेवत का नाही?" असं विचारत होता. जिन्याच्या बारा पायऱ्या ती न बघता उतरते. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं नाहीत, तरी हात घालून हवा तो काढते. मला एकाएकी समजलं की ती हे घर बघतच नसेल. घर तिला पाठ असेल, तक्त्यासारखं. दुपारी मी एक गोष्ट केली. मधल्या खोलीतलं स्टूल मी त्याच्या जागेवरून वीतभर सरकवून ठेवलं आणि खाटेवर वर्तमानपत्र घेऊन बसलो. ती भूमितीचं पुस्तक वाचत आली, गुडघा आपटला, "आई गं" म्हणाली, स्टूल जागेवर सरकवलं आणि पुढे गेली. पुस्तक वाचत चालणारं कुणीही आपटलंच असतं. त्यातून काही सिद्ध झालं नाही. फक्त तिचा गुडघा काळानिळा झाला, आणि आपण कसले बाप आहोत ते मला कळलं. गुडघ्यावर ओलं फडकं धरून तिने विचारलं, "स्टूल कुणी हलवलं?" मी म्हणालो, "कोण जाणे."

सोमवारी सकाळी बायकोने चपला घालता घालता विचारलं, "फॉर्मवर शिक्का मारलात का हो?" शाई वाळलीय, मी म्हणालो. "शनिवारपासून वाळलीय? शाईच आणायचीय ना, विहीर तर नाही खणायचीय?" मग जरा थांबून माझ्याकडे बघितलं. दिवसभर ती घाबरलेल्या बापांनाच धीर देत असते, तिला तो चेहरा ओळखू येतो. "बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, पित्त झालंय. तिला सांगावं असं फार वाटलं. पण सांगितलं की ते घरात आलं असतं, जेवायला आमच्यात बसलं असतं, कपाटावरच्या कागदाच्या प्रत्येक चौकटीत शिरलं असतं. बायको कामावर निघून गेली तरी मी तसाच उभा होतो, त्या होडीकडे बघत. मला ते कॉलेज दिसत होतं. लांबचं, कधी न पाहिलेलं, लोखंडी जिन्यांचं. तिथे तिला काहीच पाठ नसणार. तिथल्या पायऱ्या किती, वळण कुठे, दार आत उघडतं की बाहेर, हे तिला कोण सांगणार? आणि त्याही पुढे, कॉलेज नाही, जहाज नाही, फक्त पंचविशीतली माझी मुलगी कुठल्यातरी खोलीत बोटाने कपाचा काठ शोधतेय, आणि मी म्हातारा तिला मोठ्याने पायऱ्या मोजून सांगतोय.

त्या दुपारी मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन ताईला फोन लावला. ताई दुसऱ्या गावी असते, एका कचेरीत टेलिफोनवर बसते, आणि मी "हॅलो" म्हणायच्या आत म्हणाली, "सोमवारी दुपारी? काय झालं रे?" मी उगाच इकडचं तिकडचं बोललो. मग विचारलं, "ताई, तुला पहिल्यांदा कधी कळलं?"

"मला कुठे आधी कळलं? आधी तुला कळलं होतं."

"मी सात वर्षांचा होतो, ताई."

"म्हणून काय झालं? जिन्यावर तू नेहमी माझ्या मागून यायचास, उड्या मारत. एक दिवस पुढे चालायला लागलास. शेवटची पायरी आली की मोठ्याने 'संपली' म्हणायचास. मला वाटायचं, ह्याला झालंय तरी काय! आईला बोलला नाहीस, तेव्हा बरंच वाटलं मला."

"मी सांगितलं असतं तर डोळे वाचले असते का?"

"छे. ते डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं की."  तिकडे दुसरा फोन वाजत होता, तो तिने वाजू दिला. "पण मला कळलं तरी असतं. दोन वर्षं मी स्वतःला ढ समजत होते रे. सगळ्यांना फळ्यावरचं समजतं आणि आपल्यालाच समजत नाही, असं वाटायचं. कुणी कॉलेजचं नाव काढलं की मीच म्हणायचे, मला नाही शिकायचं. त्याचं वाईट वाटतं अजून. डोळ्यांचं नाही तेवढं वाटत." मग अगदी सहज विचारल्यासारखं, "पोरीचं काही आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"आवाजावरून माणसं ओळखून मी पोट भरते," ताई म्हणाली. "मला नको सांगूस. तिला सांग."

मी फोन ठेवला. मला तो जिना आठवत होता. मी ताईची काळजी घेतोय असंच मला तेव्हा वाटायचं, आणि किती छान वाटायचं! घरात फक्त मला ठाऊक असलेली एक गोष्ट होती. मी मूग गिळून बसलो ते तिच्यासाठी नव्हे, बोललो की ते खरं होईल म्हणून. आणि आता चाळिशी उलटून गेल्यावरही मी तेच करत होतो, फक्त हातात शिक्का होता. मंगळवारीही मी काही केलं नाही. सकाळी एका शिंप्याला जवळचा चष्मा दिला, दुपारी एका शिक्षकाची निखळलेली दांडी बसवली. शिंपी सुईत दोरा ओवून बघत म्हणाला, "बघा, पहिल्या फटक्यात!" आणि त्याच्या आनंदाने मला रडू यायला लागलं.

बुधवारी दीड वाजता मुलगी शाळेतून परस्पर दुकानात आली. फॉर्म चारच्या आत द्यायचा होता. दप्तर खाली ठेवून ती न सांगता खुर्चीत बसली, डाव्या डोळ्यावर झाकणी धरली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "न, ड, क, स, घ, य, ब." मी भिंतीकडे पाहिलं. न, ड, क, स, घ, य, ब. मी काउंटरला धरून उभा राहिलो. शनिवारी सवयीने जुनी ओळ तोंडात आली असेल, बस, एवढंच; जीभ आहे, घसरते. मी काय काय मनात आणलं, वेड्यासारखं! मी फॉर्म ओढला, पेनचं टोपण काढलं आणि छेदाच्या रेघेखाली टोक टेकवलं.

"लिहू नका, बाबा," ती म्हणाली. झाकणी अजून डोळ्यावरच होती. "हाही पाठ केलाय. सोमवारी तुम्ही मागे फोनवर होता तेव्हा आले होते. जवळ जाऊन वाचला."

"तुला कसं कळलं, तक्ता बदललाय ते?"

"नव्हतंच कळलं. शनिवारी तुमचं पेन थांबलं. खरखर येते ना तुमच्या पेनची. सहा लिहिलात, रेघ मारलीत, आणि पुढे काहीच नाही. मग म्हटलं, आपलं काहीतरी चुकलं."

मी तिच्यासमोरच्या स्टुलावर बसलो. "दिसत नाही तुला?"

"दिसतं. पण लांबचं मऊ मऊ दिसतं. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं आणि मग आठवून वाचायचं असतं. मागच्या वर्षी बाईंनी खिडकीतून लांबच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बघायला सांगितलं. सगळ्यांनी वेळ सांगितली. मीपण सांगितली, सगळ्यांची ऐकून."

"मग घरी बोलायचं नाही?"

"चष्मा लागला की जहाज गेलं," ती म्हणाली. "आधी फक्त त्याचीच भीती वाटायची." झाकणी तिने मांडीवर ठेवली, तिचा दांडा बोटाने फिरवत राहिली. "फोनवर तुम्ही आत्याला विचारत होता, डोळे वाचले असते का, म्हणून. तेवढंच ऐकू आलं मला. बाबा, मला आत्यासारखं झालंय का?"

शनिवारपासून ती एकटीच हे घेऊन फिरत होती. शाळेत जात होती, जेवत होती, स्टूल कुणी हलवलं म्हणून विचारून गप्प बसली होती, आणि सोमवारपासून हेही तिच्या पोटात होतं. मला स्वतःची चीड आली. मी पेटी उघडली आणि चकती काढली. ती कशासाठी असते ते तिला सांगायला नको होतं. काउंटरखाली बसून तिने ते हजारदा ऐकलं होतं. पण वाचायला काय द्यायचं? दोन्ही तक्ते तिला पाठ. समोर कागद फक्त तो फॉर्म होता. मी तो उलटा केला, काचेवर खुणा करायचं जाड काळं पेन घेतलं आणि घाईघाईने मनाला येतील ती सात अक्षरं लिहिली. "बाबा, अहो तो फॉर्म!" ती ओरडली, पण मी तोवर तो चिमट्याने तक्त्यावर अडकवलाही होता. तिने चकती उजव्या डोळ्यापुढे धरली.  मग तिने वाचलं, एका दमात: "र, ट, ग, म, ख, प, ल."

बरोबर! मी जवळजवळ ओरडलोच. ती मात्र खुर्चीतून उठली, चालत चालत भिंतीपर्यंत गेली आणि कागदाला नाक लावून उभी राहिली. "तुम्ही तीच लिहिलीत," ती म्हणाली. मी जाऊन पाहिलं. तीच होती. सव्वीस वर्षं ती ओळ ऐकलेल्या माझ्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. "र दिसला," ती म्हणाली, "की दिसल्यासारखा वाटला, माहीत नाही. र नंतर ट आला की पुढचं तोंडच म्हणतं." आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही हसू आलं, पण ते हसू लगेच विझलं, कारण आता दुकानात वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ? किती वाजले ते तिला माहीत होतं. दारावरची पाटी? तिचं शुद्धलेखन तिनेच सुधारलं होतं. समोरच्या दुकानाचा फलक? "पाठ," ती म्हणाली. तिच्या पलीकडचा? "पाठ, बाबा." सगळा रस्ता तिला पाठ होता. मी तिचा दंड धरून तिला दारात आणली.

दुपारची वेळ, रस्ता जवळजवळ रिकामा. पलीकडच्या बाजूला, विजेच्या खांबापाशी, एक बाई उभी होती, कधी न पाहिलेली. "आधी नुसत्या डोळ्याने बघ," मी म्हणालो. तिने डावा डोळा तळहाताने झाकला. "बाई आहे. हातात काहीतरी आहे. गाठोडं." "आता भोकातून." तिने चकती धरली. काही बोलेना. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. त्या बाईकडे बघायचा मला धीरच होत नव्हता. एक सायकल गेली.  मी मनातल्या मनात मोजायला लागलो, जिन्यावर मोजायचो तसं, आणि संपली हा शब्द तोंडापर्यंत येऊन थांबला.

"बाळ आहे," ती म्हणाली. मग हळूहळू, एकेक जिन्नस उचलून ठेवावा तसं, "झोपलंय. मान इकडे टाकलीय. लाल मोजे आहेत. एका पायात नाही, बाबा. एका पायातला पडलाय."

मी बघितलं. माझ्या नाकावर माझाच चांगला चष्मा होता आणि मलाही आधी ते दिसलं नव्हतं. एक पाय लाल होता, दुसरा उघडा. मी तिथेच पायरीवर बसलो आणि हसायला लागलो, मला आवरेचना. तो उघडा पाय! मला वाटलं रस्ता ओलांडून जावं आणि त्या बाईच्या पाया पडावं. वर बघितलं तर काळ्या चकतीखालून पोरीच्या गालावर पाणी ओघळत होतं.

"म्हणजे चष्मा," ती म्हणाली.

"चष्मा."

"म्हणजे जहाज नाही."

माझं हसू थांबलं. आत भिंतीवर फॉर्म लटकत होता, पाठीवर सात काळी अक्षरं घेऊन, आणि त्याच्या पुढच्या बाजूला तीनपैकी दोन रकान्यांत एकच नाव होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. अजून तीन वर्षं आहेत, समुद्रावर माणसाला दुसरीही कामं असतात, असं काहीतरी. पण तिने मला खरं सांगितलं होतं. "नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. बाहीने डोळे पुसले, चकतीही पुसली, तिच्या भोकात फुंकर मारली. मग मी न सांगताच तिने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि चकती डाव्या डोळ्यापुढे धरली. आनंदाच्या भरात मी डावा विसरलोच होतो. ताईचं डाव्यापासून सुरू झालं होतं. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं; आत्यानेच सांगितलं असेल, चहा ओतायला शिकवताना. मी पायरीवरून उठलो. पलीकडे ती बाई अजून उभी होती, बाळाला दुसऱ्या कडेवर घेत होती. मुलीने तिच्याकडे चेहरा वळवला, आणि चकती खाली घेतली.

"ही नको," ती म्हणाली.

"का?"

"हिचं आता मला माहीत आहे. बाळ, मोजा, सगळं." तिने माझी बाही धरली. "दुसरं कुणीतरी येऊ दे, बाबा."

आम्ही दोघं दारात उभे राहिलो. रस्त्याच्या टोकाला, कोपऱ्यावरून, कुणीतरी वळून आमच्या बाजूला येत होतं.